उसाचं मूळ खाली का जातं, आणि वर कधी येतं?



उसाच्या फडावर गेलो की आपण सगळेच वर बघतो. ऊस किती कांड्यांवर आला, पान कसं आहे, फुटवे किती, शेंड्याला कीड आहे का, एवढं पाहून आपण बांधावरून परत फिरतो. आम्हीही वर्षानुवर्षं तेच केलं. जमिनीच्या खाली जो अर्धा ऊस उभा असतो, त्याच्याकडं मात्र सहसा कुणी बघत नाही. या अंकात त्या खालच्या उसाबद्दल लिहावं असं ठरवलं, त्याला एक कारण घडलं आहे. त्यात चूक आमची होती, तेव्हा सुरुवात तिच्यापासूनच करतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. कालव्याच्या खालच्या अंगाला एका सभासदाची सुरू लागण होती. रान काळं, सखल. पावसाळा सुरू झाला आणि ऊस पिवळा पडू लागला. चिटबॉयनं निरोप दिला, आम्ही मोटारसायकलवरून गेलो, बांधावर उभं राहूनच पाहिलं आणि युरियाचा एक हप्ता सांगून मोकळे झालो. आठ-दहा दिवस थोडा हिरवेपणा आला आणि पुन्हा गेला. दुसऱ्या वेळी गेलो तेव्हा फेरस सल्फेटची फवारणी सांगितली. तिसऱ्या वेळी सभासद घरी नव्हते. त्यांच्या आई सरीत गवत काढत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "साहेब, खत टाकून झालं, फवारून झालं. आता मला एक सांगा. मूळ खाली जात असतं ना? मग ह्या मुळ्या गवतावानी वर कशामुळं आल्यात?"

आम्ही वाकून पाहिलं. उसाच्या बुडाशी मातीतून पांढरी, गुलाबी झाक असलेली बारीक मुळं सरळ आभाळाकडं टोक करून बाहेर आली होती. आजींना लगेच उत्तर देता आलं नाही. कुदळ मागवून खड्डा घेतला. दीड फुटावर गेलो नाही तोच चारही बाजूंनी पाणी पाझरू लागलं. खालची मुळं काळी पडलेली, हातात घेतली तर साल निघून येत होती, आणि वास सडक्या अंड्यासारखा. खताची कमतरता तिथं नव्हतीच. मुळांचा श्वास कोंडला होता. आणि आम्ही दोनदा खर्च करायला लावला होता.

तेव्हापासून आजींचा प्रश्न आमच्या डोक्यात आहे. मूळ खालीच का जातं? त्याला खाली कोणतं हे कळतं कसं? आणि एवढं कळत असताना ते वाट का सोडतं? याबाबत जे वाचलं, पाहिलं, ते आपल्यापुढं ठेवतो.

मुळाला 'खाली' कळतं कसं?

बी कसंही पडो, उलटं, सुलटं, आडवं, मूळ खाली आणि कोंब वर. हे आपण लहानपणापासून पाहतो म्हणून त्याचं नवल वाटत नाही. पण अंधाऱ्या मातीत, डोळे नसलेल्या त्या टोकाला दिशा कोण सांगतं?

इंग्लंडमधील थॉमस अँड्र्यू नाइट नावाच्या बागायतदारानं १८०६ साली एक साधा प्रयोग केला. बागेतल्या ओढ्याच्या पाण्यावर फिरणारं एक चाक त्यांनी बसवलं, त्याच्या कडेला घेवड्याच्या जातीचं बी बांधलं आणि चाक दिवसरात्र वेगानं फिरत ठेवलं. जत्रेतल्या गोल फिरणाऱ्या पाळण्यात बसलं की आपल्याला बाहेर फेकल्यासारखं होतं, तसाच ओढा त्या बियांना बसत होता. बी उगवलं तेव्हा सगळी मुळं चाकाच्या बाहेरच्या बाजूला गेली आणि सगळे कोंब मधल्या आसाकडं आले. म्हणजे मूळ ओलावा किंवा अंधार पाहूनच खाली जातं असं नव्हे. वजनाचा ओढा जिकडं, तिकडं ते जातं. जमिनीत हा ओढा पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाचा असतो, म्हणून ते खाली जातं. शास्त्रात याला गुरुत्वानुवर्तन म्हणतात.

पुढं १८८० साली चार्लस डार्विन आणि त्यांचे चिरंजीव फ्रान्सिस यांनी दाखवून दिलं की ही जाण मुळाच्या अगदी टोकाला असते. टोक अलगद कापलं तर मूळ वाढतं, पण खाली वळत नाही. नवं टोक आलं की पुन्हा वळू लागतं. गंमत अशी की जाण टोकाला असते आणि वाकण मात्र टोकाच्या थोडं मागं, जिथं मूळ लांब होत असतं तिथं पडतं. म्हणजे टोकाकडून मागं काहीतरी निरोप जातो.

टोकावर एक छोटी टोपी असते. माती टोचत पुढं जाताना मुळाचं रक्षण ती करते. या टोपीच्या मधल्या पेशींत स्टार्चचे जड कण असतात. ऑस्ट्रियाचे हाबरलांट आणि प्रागचे नेमेत्स या दोघांनी १९०० साली स्वतंत्रपणे मत मांडलं की हे कणच मुळाचा ओळंबा आहेत. गवंड्याचा ओळंबा जसा नेहमी खालीच लोंबतो, तसे हे कण पेशीच्या खालच्या अंगाला जाऊन बसतात. मूळ आडवं झालं की ते घरंगळून नव्या खालच्या बाजूला येतात आणि पेशीला दिशा बदलल्याचं कळतं.

मग निरोप जातो तो ऑक्सिन नावाच्या संजीवकाचा. १९२० च्या दशकात युक्रेनमधील खोलोद्नी आणि हॉलंडचे वेंट यांनी हा विचार मांडला आणि पुढच्या संशोधनानं त्यात पुष्कळ भर घातली. मूळ आडवं झालं की ऑक्सिन खालच्या बाजूला जास्त जमतं. मुळात जास्त ऑक्सिन म्हणजे वाढीला लगाम. खालची बाजू मंदावते, वरची बाजू वाढत राहते आणि मूळ खाली वळतं. बैलजोडीतला आतला बैल रोखला आणि बाहेरचा चालता ठेवला की गाडी वळते, तसंच हे. कोंबात मात्र उलट आहे. तिथं जास्त ऑक्सिन वाढ वाढवतं, म्हणून खालची बाजू लांबते आणि कोंब वर उठतो. वाऱ्यापावसानं लोळलेल्या उसाचा शेंडा काही दिवसांत कोपरासारखा वाकून पुन्हा वर तोंड करतो, तो याच न्यायानं. कांड्याच्या पेरापाशी वाढीचं कडं असतं, ते खालच्या अंगानं जास्त वाढतं.

हे घरी पाहायचं असेल तर मुलांना सांगा. काचेच्या ग्लासात ओला टीपकागद बसवून काच आणि कागद यांच्या मध्ये मक्याचे दाणे अडकवा. मूळ बोटभर झालं की ग्लास आडवा ठेवा. सकाळी ठेवला तर संध्याकाळपर्यंत मुळाची टोकं खाली वळलेली दिसतील.

मुळातली वीज

आता थोडं विजेबद्दल. गावोगावच्या बैठकांत हा विषय निघतो आणि त्यात खरं-खोटं फार मिसळलेलं असतं, म्हणून लिहिणं भाग आहे.

प्रत्येक जिवंत पेशीच्या आत आणि बाहेर विजेच्या दाबात थोडा फरक असतो. व्होल्टच्या दहाव्या भागाच्या आसपास म्हणा. मुळाच्या पेशी अन्नद्रव्यं आत घेताना विद्युतभार असलेले कण आत-बाहेर करत राहतात. त्यामुळं वाढत्या मुळाच्या भोवती मातीतल्या ओलाव्यातून अगदी क्षीण असा विजेचा प्रवाह सतत फिरत असतो. जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ साली हळिवाच्या मुळावर याचं मोजमाप प्रसिद्ध केलं. हळीव म्हणजे आपण बाळंतिणीला ज्याचे लाडू देतो तेच. हळिवाचं मूळ आडवं केल्याबरोबर, वाकण डोळ्यांना दिसण्याच्या आधीच, टोकाभोवतीच्या या प्रवाहाची मांडणी बदलली. वरची आणि खालची बाजू वेगळी वागू लागली. म्हणजे ओळंबा हलल्याची पहिली खबर विजेच्या रूपानंही उमटते.

या कामात आपल्या देशाचा वाटा जुना आहे. कलकत्त्याचे आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी शंभर वर्षांपूर्वी झाडाच्या देठात बारीक विद्युतसुई थोडी थोडी आत सरकवून, देठ आडवा केल्यावर कोणत्या थरात विजेचा फरक सर्वांत जास्त पडतो ते शोधलं. तो थर निघाला स्टार्चचे कण असलेल्या पेशींचा. ज्या बोस संस्थेत पुढं अशी कामं झाली, ती त्यांनी १९१७ साली स्थापन केली.

बाहेरून वीज दिली तर मूळ वळतं का? वळतं. फिनलंडचे एल्फविंग यांनी १८८२ सालीच हे नोंदवलं. पुढं अनेकांनी प्रयोग केले. कुणाची मुळं धन टोकाकडं वळली, कुणाची ऋण टोकाकडं. एकट्या मक्यावरही दोन्ही प्रकारचे निकाल आले. २०२२ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील शास्त्रज्ञांनी मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपावर काम प्रसिद्ध केलं. त्यात असं दिसलं की विजेकडं वळताना मूळ ऑक्सिनचा तो नेहमीचा निरोप वापरत नाही. तिथं सायटोकायनीन हे दुसरं संजीवक लागतं. म्हणजे गुरुत्वाची जाण आणि विजेची जाण या मुळाच्या दोन वेगळ्या वाटा आहेत. शास्त्राचं हे दालन अजून उघडत आहे.

मग शेतात करंट सोडायचा का?

असा प्रश्न आम्हाला सभासदांनी विचारला आहे. तांब्याच्या तारा पुरून, बॅटरी लावून मुळं खोल जातात आणि ऊस दुप्पट होतो, असं सांगणारे लोक मधूनमधून गावात येतात. आमचं उत्तर स्पष्ट आहे. पैसे घालवू नका.

वर सांगितलेले प्रयोग काचेच्या भांड्यात, ठरावीक द्रावणात, एकेका मुळावर झालेले आहेत. शेतातली माती म्हणजे काचेचं भांडं नव्हे. तिच्यात ओल, क्षार, चिकणमाती वितीवितीला बदलते आणि वीज कुठून कशी जाईल याचा भरवसा नसतो. इंग्लंडच्या सरकारनं पिकांना वीज देऊन उत्पन्न वाढतं का हे पाहण्यासाठी १९१८ साली खास समिती नेमली होती. अठरा वर्षं प्रयोग करून, भरवशाचा फायदा दिसत नाही म्हणून १९३६ साली ते काम गुंडाळण्यात आलं. आणि ओल्या रानात, कुंपणात किंवा जमिनीत लाईनची वीज सोडणं म्हणजे माणसाच्या जिवाशी खेळ आहे. रानडुकरांसाठी तारेत करंट सोडून गडी, शेजारी, स्वतःच्या घरची माणसं गमावल्याची उदाहरणं महाराष्ट्रात आहेत. हा गुन्हाही आहे. हे कुणी करू नये.

मुळाजवळ स्वतःची वीज आहे, स्वतःचा ओळंबा आहे. त्याला दिशा शिकवायची गरज नाही. गरज आहे ती वाट मोकळी ठेवण्याची.

आपल्या उसाची मुळं

टिपरी जमिनीत ठेवली की तिच्या कांड्यावर डोळ्याजवळ जे बारीक ठिपके असतात, त्यांतून पहिली मुळं फुटतात. ही टिपरीची मुळं बारीक आणि फाटेफोडी असतात. साधारण पहिले दोन महिने ती कोंबाला पाणी पाजतात आणि मग संपतात. खरा ऊस उभा राहतो तो कोंबाच्या बुडातून येणाऱ्या जाड, पांढऱ्या मुळांवर.

ही मुळं सगळी सरळ खाली जात नाहीत. काही वरच्या थरात जवळजवळ आडवी पसरतात; खतपाणी मुख्यतः तीच घेतात. काही तिरपी जाऊन तंबूच्या दोरांसारखा उसाला आधार देतात. काही मात्र दोरखंडासारखी झुबक्यानं सरळ खोल उतरतात. जमीन भुसभुशीत आणि निचऱ्याची असेल तर ती पाच-सहा मीटरपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत. पाण्याची पाळी लांबली तर ऊस तगतो तो या खोल मुळांच्या जिवावर. एकूण मुळांचा मोठा हिस्सा मात्र वरच्या दोन फुटांतच असतो.

कोणत्या मुळानं किती तिरपं जायचं हे बऱ्याच अंशी वाणाच्या रक्तात असतं. जपानी शास्त्रज्ञांनी २०१३ साली भातात असा एक जनुक दाखवला की जो मुळाचा उतार वाढवतो. तो घातलेलं भात अवर्षणात जास्त तगलं. त्याच कुळातल्या दुसऱ्या जनुकानं मुळं उथळ केली, तेव्हा खारवट खाचरात भाताचं उत्पन्न सुधारलं, हे २०२० साली प्रसिद्ध झालं. यातून घ्यायचा बोध हा की खोल मूळ नेहमी चांगलंच असं नाही. जशी जमीन तसं मूळ. उसातही सगळे वाण मुळांनी सारखे नाहीत. शेजाऱ्याच्या मुरमाड रानात साधलेला वाण आपल्या चिबड रानात साधेलच असं नाही, तो यामुळंही.

मूळ वाट का सोडतं?

आमच्या अनुभवात तीन कारणं नेहमी आढळतात.

पहिलं, कडक थर. वर्षानुवर्षं एकाच खोलीची नांगरट, ओल्या रानात ट्रॅक्टर, ऊस भरलेल्या ट्रेलरची चाकं आणि वरवर फिरणारा रोटाव्हेटर यांनी वीतभर-दीड वीत खाली मातीचा घट्ट पाटा तयार होतो. मूळ खाली येतं, पाट्याला टेकतं आणि आडवं चालू लागतं. अशा उसाचं बेट उपटलं की मुळं एखाद्या चटईसारखी सपाट निघतात. पाण्याला दोन दिवस उशीर झाला तरी हा ऊस माना टाकतो आणि वादळात सगळ्यांत आधी लोळतो.

दुसरं, साचलेलं पाणी. मुळाला प्राणवायू लागतो. पाण्यातून प्राणवायू सरकण्याचा वेग हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पटींनी कमी असतो. मातीतली पोकळी पाण्यानं भरली की खोल मुळं गुदमरून कुजतात. मग ऊस एक विलक्षण गोष्ट करतो. बुडातून नवी, आतून पोकळ वाहिन्या असलेली मुळं काढतो आणि त्यांतली काही गुरुत्वाच्या विरुद्ध, सरळ वर पाठवतो. आजींनी दाखवली ती हीच मुळं. खाली श्वास मिळत नाही म्हणून हवेच्या शोधात ती वर आली होती. अशा पाण्यात रोगही फावतो. मूळकुजव्या पिथियम बुरशीचे पोहणारे बीजाणू मुळातून झिरपणाऱ्या द्रव्यांचा माग काढत येतात, आणि मुळाभोवतीच्या त्या क्षीण विजेचाही त्यांना माग लागतो, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. पोहायला पाणी मात्र आपणच पुरवलेलं असतं.

तिसरं, क्षार. नेदरलँडमधील शास्त्रज्ञांनी २०१३ साली दाखवलं की एका बाजूला मीठ जास्त असेल तर मूळ मिठापासून दूर वळतं, मग त्यासाठी सरळ खाली जाण्याची वाट सोडावी लागली तरी चालेल. त्या प्रयोगांत एक पीक ज्वारी होतं, म्हणजे उसाची जवळची भाऊबंद. खारवट रानात उसाची मुळं एका बाजूला झुकलेली, आखूड आणि गाठाळ दिसतात.

अहवालातली वीज

विजेचा एक उपयोग मात्र प्रत्येक सभासदाच्या घरात येऊन पडलेला असतो आणि आपण तो वाचत नाही. माती परीक्षणाच्या अहवालात 'ई.सी.' म्हणून एक रकाना असतो. ई.सी. म्हणजे मातीच्या पाण्याची वीज वाहून नेण्याची क्षमता. शुद्ध पाणी वीज जवळजवळ वाहत नाही. क्षार जितके जास्त तितकी वीज जास्त वाहते. म्हणून हा आकडा क्षारांचा काटा आहे.

संपृक्त मातीच्या अर्कात ई.सी. ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेला तर जमीन खारवट धरतात. पण ऊस क्षाराच्या बाबतीत नाजूक पीक आहे. सुमारे १.७ च्या पुढं गेलं की प्रत्येक एका अंशामागं उत्पन्न सुमारे सहा टक्क्यांनी घटतं, असं आंतरराष्ट्रीय कोष्टकं सांगतात. एक सावधगिरी ठेवा. आपल्याकडं बऱ्याच प्रयोगशाळा एकास अडीच प्रमाणात पाणी घालून मोजतात. तो आकडा लहान येतो. म्हणून दोन प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशी ताडू नका, मोजण्याची पद्धत विचारून घ्या. सामू ८.५ च्या वर असेल आणि पाऊस पडल्यावर रान साबणासारखं निसरडं होत असेल, तर चोपणाची शंका धरा.

हा प्रश्न आपल्या जिल्ह्याला नवा नाही. भंडारदरा धरण १९२६ साली पुरं झालं, ओझरच्या बंधाऱ्यापासून प्रवरेचे कालवे वाहू लागले आणि जिरायत रानाचं बागायत झालं. त्याच पाण्याच्या आधारावर १९५० साली प्रवरानगरला शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना धुराडं पेटवून उभा राहिला. पण कालव्याबरोबर पाझर आला, आणि पाझराबरोबर क्षार वर आले. दक्षिणेतल्या कालव्यांखालच्या काळ्या जमिनी पाणथळ होत आहेत, याचा अभ्यास इंग्लिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२० च्या दशकातच मांडला होता. पाणी मिळवायला आपल्या वडीलधाऱ्यांनी जन्म घातला. पाणी बाहेर काढण्याकडं मात्र आपण सगळ्यांनीच कानाडोळा केला.

काय करावं?

१. दर लागणीआधी आणि खोडवा ठेवण्याआधी रानात दोन ठिकाणी खड्डा घ्या, एक उंचवट्याला आणि एक सखल जागी. तीन फूट खोल पुरे. पाटा कुठं लागतो, पाणी कुठं लागतं, मुळं कुठं वळतात ते डोळ्यांनी बघा. पहार हातानं दाबून पाहिली तरी पाट्याचा अंदाज येतो.

२. पाटा असेल तर रान पूर्ण वाळलेलं असताना सबसॉयलर फिरवा. ओल्या रानात फिरवला तर उपयोग नाही, उलट माती लिंपली जाते.

३. एक डोळ्याची टिपरी डोळा वर ठेवून, दोन डोळ्यांची टिपरी डोळे बाजूला ठेवून लावा. डोळा खाली गेला तरी कोंब वर येतोच, पण टिपरीला वळसा घालून यावं लागतं. उशीर होतो आणि उगवण मागंपुढं होते. ट्रेमध्ये जास्त दिवस राहून मुळांची गुंडाळी झालेली रोपं घेऊ नका.

४. मोठ्या बांधणीला आळस नको. बुडाला माती लागली की त्या पेरांतून आधाराची नवी मुळं सुटतात. ऊस लोळू नये याचा हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

५. खोडव्यात बुडखे जमिनीलगत छाटा. उंच बुडखा ठेवला तर वरच्या डोळ्यांतून कोंब येतात आणि त्यांची मुळं उथळच राहतात. पाचट जाळू नका. खत पहारीनं भोक घेऊन मुळाजवळ द्या, ही राहुरी विद्यापीठाची शिफारस आपल्या भागात चांगली रुजली आहे.

६. पाणी दिवस मोजून देऊ नका, ओल पाहून द्या. वरचेवर वरवर भिजवलं तर मुळं वरच राहतात.

७. चोपणाला जिप्सम, चुनखडीच्या रानात गंधक आणि धैंचा-तागाचं हिरवळीचं खत, हे सगळं चांगलं. पण निचरा नसेल तर ते पैसे पाण्यात जातात. सुटलेला क्षार वाहून जायला वाट लागते. आधी चर, मग औषध.

चर एकट्याचा होत नाही

आता त्या आजींच्या रानाकडं परत येतो. तिथं उपाय एकच होता, निचरा. पण त्यांचं रान ओढ्यापासून तिसरं. मधे दोघांची रानं. त्यांतल्या एकाशी बांधावरून जुनी बोलाचाली. आम्ही तिघांना गट कार्यालयात बोलावलं. पहिल्या बैठकीत चहासुद्धा कुणी घेतला नाही. तेव्हा आम्ही मध्यल्या सभासदांना म्हणालो, "आप्पा, तुमच्या रानात एक खड्डा घेऊ, पाणी लागलं नाही तर विषय सोडून देऊ." खड्डा घेतला. पाणी अडीच फुटांवर होतं. अजून मुळं वर आली नव्हती, पण खालची टोकं तपकिरी पडायला लागली होती. आप्पा बराच वेळ खड्ड्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "आज तिचं, उद्या माझं. काढा चर."

चर तिघांच्या रानातून ओढ्यापर्यंत गेला. पुढच्या उन्हाळ्यात तिघांनी मिळून पाईप टाकून तो झाकून घेतला, म्हणजे रानही वाया गेलं नाही. पहिल्या वर्षी आजींच्या मुलानं ऊस न करता धैंचा आणि मग गहू केला. त्यानंतरच्या लागणीत आम्ही बांधावर उभं न राहता आधी कुदळ मागितली. मुळं खाली चालली होती, पांढरी, आणि फुटभर खाली हात घातला तरी वास मातीचाच येत होता.

बंधू-भगिनींनो, मुळाला खाली कोणतं हे कुणी शिकवावं लागत नाही. स्टार्चच्या चार कणांवर आणि केसभर विजेवर ते आपली दिशा ठरवतं. ते आडवं गेलं, एका बाजूला झुकलं किंवा वर आलं, तर चूक मुळाची नसते. खाली काहीतरी बिघडल्याचा तो निरोप असतो. पान पिवळं पडतं ते फार उशिरा. मूळ त्याच्या कितीतरी आधी सांगत असतं. तेव्हा यापुढं पिवळ्या उसाची तक्रार घेऊन गट कार्यालयात याल तेव्हा पानाबरोबर मूठभर मुळंही उपटून आणा. आम्हीही आता बांधावरून सल्ला देणार नाही. ज्यांच्या रानात मुळं वर आली असतील, त्यांनी शेजाऱ्याला बरोबर घेऊनच यावं, म्हणजे चराचा विषय त्याच दिवशी निघेल.

आपला,
ऊस विकास अधिकारी